जमिनीतला एसी पाइप: खड्डा उघडण्यापासून तुकडा गाडीत चढेपर्यंत

गावात दोन दिवस पाणी नाही, जेसीबीने खड्डा उघडलाय आणि काठावर जमलेली माणसं "अजून किती वेळ?" विचारताहेत. अशा वेळी फिटरचा हात सवयीने ग्राइंडरकडे जातो. चाक लावलं की १५० मिमीचा पाइप काही मिनिटांत आरपार होतो. त्या मिनिटांत खड्ड्यात उठणारा पांढरा धुरळा सगळे सिमेंटचा समजतात. सिमेंट त्यात असतंच, पण ॲस्बेस्टॉसचे तंतूही असतात. खड्डा तीन बाजूंनी बंद असल्यामुळे तो धुरळा आत वाकलेल्या माणसाच्या तोंडासमोरच घोटाळत राहतो.

एसी म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट. पाइपात साधारण १० ते १५ टक्के तंतू आणि बाकी सिमेंट. पाइप अखंड, ओला आणि जमिनीखाली असेपर्यंत तो कोणाचं काही बिघडवत नाही. धोका सुरू होतो तो सुका पाइप कापला, घासला, फोडला की. तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात गेले की तिथेच रुततात आणि त्यांचे आजार, म्हणजे ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुस घट्ट होत जाणं), फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग), बहुधा २० ते ४० वर्षांनी वर येतात. कामाच्या दिवशी कोणाला साधा खोकलाही येत नाही, म्हणून "आम्ही इतकी वर्षं असंच करतोय" हे वाक्य ठामपणे बोललं जातं. ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, त्यात भारतात आजही बंदी नसलेला पांढरा क्रायसोटाइलही आला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने निश्चित कर्करोगकारक गटात धरले आहेत. अशा पाइपातून येणारं पाणी पिण्याबद्दलही लोक विचारतात. पोटातून होणाऱ्या अपायाचा सुसंगत पुरावा नाही, असं संघटनेचं म्हणणं आहे. इथे प्रश्न पाण्याच्या ग्लासाचा नसून खड्ड्यातल्या श्वासाचा आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच हिशेब आहे: धूळ उडाल्यावर तिच्यामागे धावण्यापेक्षा ती होऊच द्यायची नाही. म्हणून एसी पाइप शक्यतो कापायचा नाही, जॉइंटपासून जॉइंटपर्यंत अख्खा उचलायचा.

ओळख पटवा

रंग राखाडी-पांढरा, भिंत जाड, गंज नाही, लोहचुंबक चिकटत नाही. चुंबक पाइपावरच लावून बघा, कारण जॉइंट बऱ्याचदा बिडाचा असतो आणि तो चिकटतो. बिडाच्या जॉइंटला दोन फ्लँज, मध्ये कॉलर, दोन रबर रिंगा आणि बोल्ट असतात. फिटर त्याला सीआयडी जॉइंट म्हणतात. काही लाइनींवर जॉइंटही एसीचाच, जाड बांगडीसारखा कपलर असतो. ह्यूम (काँक्रीटच्या) पाइपाच्या फुटलेल्या कडेला खडी आणि लोखंडी तारा दिसतात. एसीच्या कडेला खडी नसते, ओल्या पुठ्ठ्याच्या फाटलेल्या कडेसारखे बारीक केसाळ पुंजके दिसतात. ते बघायला कड बोटाने चोळू नका. शंका राहिली तर एसीच आहे असं धरून चाला.

खोदण्याआधी काठावर काय हवं

फवारणीचा पाठीवरचा पंप, साधारण १६ लिटरचा. तो कीटकनाशकाला वापरलेला नको, कारण आपण पिण्याच्या पाण्याच्या लाइनीवर काम करतोय. दर १० लिटर पाण्याला चमचाभर भांडी घासायचा लिक्विड साबण टाका. नुसतं पाणी जुन्या पाइपावरून ओघळून जातं, साबणाचं पाणी आत मुरतं. नोझल बारीक तुषाराला लावा. गाड्या धुण्याचा जोरदार फवारा नको, तो झिजलेला पृष्ठभाग खरवडून तंतू उडवतो.

२०० मायक्रॉन किंवा त्याहून जाड प्लास्टिकचा कागद. शेततळ्याचा उरलेला कागद असेल तर उत्तम, तो ५०० मायक्रॉनचा असतो आणि पाइपाच्या कडेने फाटत नाही. तितक्याच जाडीच्या पिशव्या, रुंद चिकटपट्टी, चार-पाच गोणपाटं, जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या आणि पाण्याचे दोन पिंप: एक हत्यारांना, एक माणसांना.

मास्क एफएफपी-३ दर्जाचा, किंवा पी-३ फिल्टर लावलेला रबरी हाफ मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा निळा सर्जिकल मास्क यांचा इथे उपयोग शून्य. एन-९५ त्यापेक्षा बरा, पण या कामाला कमीच. मास्क घातल्यावर फिल्टरवर तळहात दाबून श्वास आत घ्या. मास्क चेहऱ्याकडे ओढला गेला तर तो बसला आहे, गालाजवळून हवा लागली तर नाही. दाढीवर कोणताही मास्क नीट बसत नाही. दोन दिवसांची खुंटं असली तरी हेच, आणि यावर साइटवर हमखास वाद होतो. ज्याची दाढी आहे त्याने काठावरचं काम घ्यावं.

अंगात टोपीसकट एकदा वापरून टाकायचा कव्हरऑल. बाह्या हातमोज्यांच्या वरून, पाय गमबुटांच्या वरून. नाडीचे बूट नकोत, नाडीत अडकलेली धूळ निघत नाही. कव्हरऑलच्या आत मे महिन्यात माणूस उकडून निघतो, म्हणून काम सकाळी लवकर घ्या आणि दर अर्ध्या तासाने खड्ड्यातला माणूस बदला. गरमीने हैराण झालेला माणूस आधी मास्कच खाली ओढतो.

खोदाई

दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, वॉश-आउट (लाइन रिकामी करायचा खालचा व्हॉल्व्ह) उघडून लाइन उतरवा. जुने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत, थोडं पाणी येत राहतं. तेवढी धार चालेल, पाइप ओला राहतो. फक्त खड्डा भरू नये म्हणून मडपंप ठेवा.

जेसीबी पाइपाच्या माथ्यापासून साधारण ३० सेंमी वर थांबवायचा. पुढचं हाताने, फावड्याने. पहार आणि टिकाव शेवटच्या थरात नकोत. दातरी बकेटचा एक दात लागला की चिरेचा पाइप चिंध्या होतो आणि एका तुकड्याचं काम वीस तुकड्यांचं होऊन बसतं. दीड मीटरपेक्षा खोल चराला फळ्या-टेकूंचा आधार हवाच. उकरलेली माती कडेपासून किमान दीड मीटर लांब टाका. ॲस्बेस्टॉसची भीती वीस वर्षांनंतरची, मातीच्या ढासळण्याची त्याच मिनिटाची.

एका पाइपाच्या लांबीपेक्षा जास्त लाइन खालून उघडी पाडू नका. एसी पाइप स्वतःच्या वजनाने आणि आतल्या पाण्याने मधोमध मोडतो. खाली वाळूच्या गोण्या सरकवा. बेंड किंवा टी जवळ असेल तर त्याच्या मागचा काँक्रीटचा ठोकळा आणि ठोकळ्यामागची माती उकरू नका. पाणी सुरू झाल्यावर बेंड सरकून दोन जॉइंट पुढची लाइन निसटते आणि गळती नवीन ठिकाणी निघाली असं वाटतं.

पाइप दिसला की आधी भिजवा, मग हात लावा. माती ओल्या चिंधीने पुसून काढा. तारेचा ब्रश नाही, सँडपेपर नाही.

क्लॅम्प की बदल

चीर कशी आहे ते नीट बघा. पाइपाला बांगडीसारखी गोल आडवी चीर असेल तर पाइप वाकला म्हणून मोडला. काळ्या मातीत हे सतत होतं: उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसात फुगते आणि लाइन वर-खाली ओढली जाते. खाली एखादा दगड टोचत असला तरी चीर अशीच पडते. अशा चिरेला स्टेनलेस स्टीलचा पूर्ण गोल रिपेअर क्लॅम्प पुरतो आणि पाइपाला करवत लागत नाही. लांबीच्या दिशेने उभी चीर गेली असेल तर दाब सहन झालेला नाही. पंपाने पाणी वर चढवणाऱ्या लाइनीवर वीज जाऊन पंप अचानक थांबतो आणि पाण्याचा दणका बसतो, त्यातून हे होतं. तिथे क्लॅम्प लावणं म्हणजे चीर आठवडाभर लपवणं. पाइप बदला.

क्लॅम्प मागवण्याआधी माप घ्या. एसी पाइपाचं '१५०' हे आतलं माप. बाहेरचा व्यास दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, कारण वर्ग वाढतो तशी भिंत जाड होते. ओल्या पाइपाभोवती शिंप्याची टेप गुंडाळा, परिघाला ३.१४ ने भागा. परीघ ५५.६ सेंमी भरला तर बाहेरचा व्यास १७७ मिमी. १५० च्या डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बिडाच्या) पाइपाचा बाहेरचा व्यास १७० मिमी असतो, पीव्हीसीचा १६०. "दीडशेचा क्लॅम्प द्या" एवढंच सांगून आणलेला क्लॅम्प खड्ड्यात बसत नाही, आणि मग तो बसवण्यासाठी कोणीतरी पाइप कानशीने घासायला घेतो. कापण्याखालोखाल धूळ करणारं काम हेच.

पाइप अजून जीव धरून आहे का, हेही तपासता येतं. आधीच सुटलेला एखादा तुकडा घ्या, भिजवा आणि तुटलेल्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल-अल्कलीच्या प्रयोगाला असतं तेच. शाबूत सिमेंट गडद गुलाबी होतं. आतून पाण्याने आणि बाहेरून मातीने चुना ओढून घेतलेला थर राखाडीच राहतो. १३ मिमीच्या भिंतीत गुलाबी पट्टा जेमतेम पाच मिमी उरला असेल, तर क्लॅम्पचे बोल्ट आवळतानाच पाइप चिरडेल. तुकडा घरी किंवा कचेरीत न्यायचा नाही, बघून झालं की पिशवीत.

अख्खा पाइप काढणे

साध्या लाइनीवर एक पाइप ३ ते ५ मीटरचा असतो. दोन्ही टोकांचे जॉइंट उघडे पाडा.

सीआयडी जॉइंटचे बोल्ट गंजलेले असतात. गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळी लावता आलं तर निम्मं काम होतं. नट फिरत नसेल तर हॅक्सॉने बोल्ट कापा. गॅस कटर चालवू नका: एसी एका जागी तापला की आतल्या ओलाव्याची वाफ होऊन कवच फटकन उडतं. ग्राइंडरने फक्त बोल्ट कापतो म्हणणाऱ्याचं चाकही दोन बोल्टांनंतर पाइपावर घसरतं. बोल्ट निघाले की फ्लँज मागे सारा, रबर रिंगा सोडवा, कॉलर शेजारच्या पाइपावर सरकवा. पाइप मोकळा होतो, कुठेही करवत लागलेली नसते.

एसीचाच कपलर असेल तर तो सरकत नाही. शेवटचा उपाय म्हणून फोडावा लागतो. आधी कपलर चांगला भिजवा, त्यावर ओलं गोणपाट दोन वेढे गुंडाळा, वरून प्लास्टिक, दोन्ही कडा चिकटपट्टीने बंद करा. मग बाहेरून छिन्नी लावून लांबीच्या दिशेने हाताने मोजके घाव घाला. ठिकऱ्या गोणपाटातच राहतात, आणि ते गोणपाट तसंच पिशवीत जातं. झटकायचं नाही.

१५० मिमीचा चार मीटर पाइप ५५ किलोच्या घरात जातो, पाणी प्यायलेला असेल तर अजून जड. चराच्या काठावर आधी प्लास्टिक अंथरा, दोन पट्ट्यांवर पाइप उचला आणि थेट प्लास्टिकवर ठेवा. मातीवरून ओढत नेला तर मागे भुकटीची रेघ राहते.

नवीन तुकडा जागेच्या मापापेक्षा एकूण ३० ते ४० मिमी कमी ठेवा. दोन्ही टोकांवर कॉलरच्या निम्म्या लांबीची खडूची खूण करा, म्हणजे कॉलर मध्यावर बसली की नाही ते दिसतं. व्यास वेगळे असतील तर मोठ्या टप्प्याचे मल्टी-रेंज कपलर वापरा. तळाला आणि पाइपाच्या बाजूंना वाळू किंवा चाळलेला मुरूम भरा, आणि पाइपावर ३० सेंमीपर्यंत दगड पडू देऊ नका.

कापावंच लागलं तर

टी बसवायचा आहे, व्हॉल्व्ह घालायचा आहे, अशा वेळी कापणं टळत नाही. क्रम असा: साखळी कटर, तो नसेल तर हाताची करवत, विजेचं किंवा पेट्रोलचं चाक कधीच नाही. चाकावर पाणी सोडलं तरी नाही, कारण ते चिखलाचा फवारा उडवतं आणि तो सुकला की पुन्हा धूळ.

साखळी कटरमध्ये साखळीवर कापणाऱ्या चकत्या असतात. पाइपाभोवती साखळी काटकोनात बसवा, जागा भिजवा, हळूहळू आवळा. कटक् असा आवाज येऊन पाइप गोल तुटतो, भुकटी जवळजवळ पडत नाही. चुना गेलेला मऊ पाइप मात्र नीट तुटत नाही, दबून चुरा होतो. तिथे करवतच बरी: एकाने सावकाश ओढायची, दुसऱ्याने कापावर सतत बारीक फवारा धरायचा, खाली प्लास्टिक. फवारा संपला की करवत थांबली पाहिजे.

पाइपाची टोकं कारखान्यात लेथवर घासून एका मापाची केलेली असतात, मधला भाग खडबडीत आणि जाड असतो. म्हणून मधोमध कापून तिथे मूळ मापाचा जॉइंट बसवायला गेलं की तो अडतो. मोठ्या टप्प्याचा कपलर आधीच आणून ठेवला असेल तर घासायची वेळच येत नाही.

नळजोडणीचं भोक

हे काम दिसायला छोटं, पण गावात सगळ्यात जास्त वेळा हेच होतं. एसीवर थेट आटे पाडून फेरूल (नळजोडणीचा पितळी जोड) बसवू नका. सॅडल (पाइपाभोवती आवळायचा पट्टा) लावा आणि जॉइंटपासून निदान हातभर लांब राहा. लाइन चालू ठेवून टॅपिंग मशीनने भोक पाडता आलं तर सर्वांत चांगलं, भुसा पाण्याबरोबर बाहेर येतो. लाइन बंद असेल तर हाताने फिरवायचा ड्रिल घ्या आणि भोकाच्या जागी दाढीच्या फेसाचा मुठीएवढा गोळा थापा. ड्रिल फेसातून आत जातो, भुसा फेसातच अडकतो. तो ओल्या चिंधीने एकदाच पुसून चिंधी पिशवीत टाका. फुंकर मारून भोक साफ करण्याची सवय मोडायला वेळ लागतो.

लाइन जोडताना नव्या तुकड्याचा आतला भाग आणि कपलर ब्लीचिंगच्या द्रावणाने पुसा: ३३ टक्के क्लोरीनची पावडर लिटरला ३० ग्रॅम घेतली की साधारण १ टक्का क्लोरीनचं द्रावण होतं. व्हॉल्व्ह हळू उघडा, हवा बाहेर जाऊ द्या, वॉश-आउटमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. शेवटच्या नळाला मोकळा क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मिळाला पाहिजे.

खड्ड्याबाहेर येताना

हत्यारं पहिल्या पिंपात धुवा. खड्ड्यातला भुकटीचा गाळ आणि ती बसलेली वरची माती ओली असतानाच फावड्याने पिशवीत भरा, कोरड्या झाडूने लोटू नका. पिंपातलं पाणी गटारात ओतू नका. ते निवळू द्या आणि खालचा गाळ पिशवीत घाला.

कपडे काढण्याचा क्रम: अंगावर फवारा, मग बूट पुसणे, मग कव्हरऑल आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली, मग हातमोजे, सगळ्यात शेवटी मास्क. मास्क आधी काढला तर कव्हरऑलवरची धूळ श्वासात जाते आणि दिवसभराची काळजी वाया. मग हात-तोंड धुणे, जमल्यास अंघोळ. त्याआधी चहा नाही, बिडी नाही, तंबाखू मळणं नाही. सिगारेट-बिडी ओढणाऱ्याला ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग कितीतरी पटीने गाठतो. आतले कपडे साइटवरच वेगळ्या पिशवीत बांधा आणि वेगळे धुवा. नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाल्याची नोंद जगभर आहे.

तुकडे जातात कुठे

काढलेला पाइप ओला असताना दोन थरांत प्लास्टिकमध्ये गुंडाळा, टोकं चिकटपट्टीने बंद, वर ठळक अक्षरात 'ॲस्बेस्टॉस – फोडू नका'. छोटे तुकडे दुहेरी पिशवीत, पिशवी निम्मीच भरा, नाहीतर कडा टोचून फाटते.

गाडी आधी ठरवा. चार मीटरचा पाइप छोट्या टेम्पोत मावत नाही, आणि मग दिवसभर जपलेला पाइप संध्याकाळी हातोड्याने दोन तुकडे करून गाडीत बसवला जातो. एवढं सगळं करून शेवटी माती खाल्ली जाते ती इथे. लांब हौद्याची गाडी मिळत नसेल तर पाइप गुंडाळून कुलपाच्या आवारात ठेवा आणि चार दुरुस्त्यांचे पाइप एकदम पाठवा.

२०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस येतं. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची सामाईक विल्हेवाट केंद्रं आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडून रीत समजून घ्या आणि हा खर्च अंदाजपत्रकात वेगळी बाब म्हणून धरा. बाब नसेल तर ठेकेदार पाइप नाल्यात टाकणार हे गृहीत धरावं. भंगारात, रस्त्याच्या भरावात, शेताच्या मोरीला, कुंपणाचे खांब म्हणून किंवा शाळेत झाडाच्या कुंड्या म्हणून हे पाइप देऊ नका. मागणारे भेटतात, पाइप मजबूत दिसतो.

नवी लाइन शेजारून टाकून जुनी बंद करायची असेल, तर जुनी जमिनीतच राहू द्या: टोकं काँक्रीटने बंद करा, नकाशावर व्यास, खोली आणि दोन पक्क्या खुणांपासूनचं अंतर लिहा. जुन्या एसी पाइपाच्या आतून तो फोडत नवा पाइप ओढण्याची पद्धत इथे नको, मातीत चुरा पसरतो आणि पुढचा खोदणारा त्यात सापडतो.

नोंदवहीत त्या दिवशी खड्ड्यात कोण कोण होतं त्यांची नावं, तारीख आणि किती तास, हेही लिहा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायला सांगितलं आहे. ग्रामपंचायतीची वही त्याच मापाने सांभाळा. रोजंदारीवर आलेल्या माणसाचं नावही तीत हवं, कारण त्याच्याकडे दुसरा कागद नसतो.